दृष्टान्त पडद्यावरचा : विज्ञानपटांतील ख्रिस्ती अर्थाचे वाचन

प्रस्तावना



आकाशातून एक पाहुणा येतो. तो साध्या माणसांत राहतो, मुलांशी त्याची गट्टी जमते, सत्ताधाऱ्यांना त्याची भीती वाटू लागते. त्याला मारले जाते. तो पुन्हा जिवंत होतो आणि आपल्या लोकी परत जातो. विज्ञानकथेवर आधारलेल्या अनेक चित्रपटांत हे कथानक थोड्याफार फरकाने आलेले आहे. (अशा चित्रपटांना या घटकात आपण सोयीसाठी ‘विज्ञानपट’ म्हणू.) ते पाहताना ख्रिस्ती प्रेक्षकाला येशू ख्रिस्ताचे चरित्र आठवते. ही आठवण हा त्या चित्रपटाचा अर्थ आहे, की प्रेक्षकाने घरून बरोबर आणलेला अर्थ आहे? या प्रश्नाचा विचार आपल्याला येथे करावयाचा आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना हा प्रश्न परका वाटू नये. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या परिसरात ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यांतील अनेकांची मुळे गोव्यात आहेत. २००५ साली सिंधुदुर्ग हा स्वतंत्र कॅथॉलिक धर्मप्रांत झाला. तुमच्यापैकी काही जण अशा घरांतले असतील, काही नसतील. दोघांच्याही उत्तरांत एकेक चूक संभवते. श्रद्धावान विद्यार्थी ‘हा पाहुणा म्हणजे येशूच होय’ असे एका वाक्यात लिहून मोकळा होतो. दुसरा विद्यार्थी ‘हा निव्वळ करमणुकीचा चित्रपट असून त्यात धार्मिक अर्थ शोधणे व्यर्थ आहे’ असे तितक्याच झटपट लिहितो. दोघांनीही चित्रपट पाहिलेला असतो, पण वाचलेला नसतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. तुमची श्रद्धा, किंवा तुमची अश्रद्धा, उत्तरपत्रिकेच्या बाहेर ठेवून या, असे हा अभ्यासक्रम तुम्हांला सांगत नाही. तिने पुरावा द्यावा, एवढीच अपेक्षा आहे.

जत्रेतील विष्णू

मालवण किनाऱ्यावरील विद्यार्थ्याला या विषयाचा पहिला धडा चित्रपटगृहाच्या आधी देवळाच्या अंगणात मिळालेला असतो. दशावताराचा खेळ तुम्ही पाहिला असेल. पूर्वरंगात गणपती येतो, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो. वेद चोरणारा संकासुर येऊन सगळ्यांना हसवतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मारला जातो. मग मुख्य आख्यान रंगते आणि पहाटे दहीकाला होतो. विष्णूचे सोंग घेतलेला नट कोणत्या गावचा, दिवसा कोणते काम करणारा, हे समोर बसलेल्यांपैकी अनेकांना ठाऊक असते. तरीही त्याच्या प्रवेशाला कोणाचे ना कोणाचे हात जोडले जातात. ‘हा आपल्या ओळखीचा माणूस आहे’ आणि ‘हा विष्णू आहे’ या दोन जाणिवा एकाच मनात, एकाच वेळी, भांडण न करता नांदतात. या दुहेरी दृष्टीला भोळेपणा म्हणता येणार नाही. कलेचा आस्वाद घेणाऱ्या प्रत्येकाला ती लागते.

मात्र दशावतारात एक सोय आहे. नट, प्रेक्षक आणि देऊळ या तिघांमध्ये अर्थाविषयी आधीच एकमत झालेले असते. अमेरिकेत तयार झालेला विज्ञानपट मालवणात पाहताना असे एकमत नसते. निर्मात्याचा धर्म वेगळा, हेतू वेगळा, प्रेक्षकाचा संस्कार वेगळा. म्हणून येथे अर्थ नुसता जाणवून भागत नाही, तो सिद्ध करावा लागतो. त्यासाठी लागणारे साधन मराठी वाङ्‌मयात सातशे वर्षांपासून आहे.

सूत्र, दृष्टान्त, दार्ष्टान्तिक

महानुभाव पंथाच्या वाङ्‌मयातील ‘दृष्टान्तपाठ’ तुम्ही अभ्यासला आहे. चक्रधरस्वामींनी निरूपणात सांगितलेल्या ११४ दृष्टान्तांचे संकलन केसोबासांनी केले. प्रत्येक ठिकाणी तीन अंगे आहेत : सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक. सूत्र म्हणजे सिद्धान्ताचे वचन. दृष्टान्त म्हणजे लोकजीवनातील छोटी गोष्ट. दार्ष्टान्तिक म्हणजे ती गोष्ट सूत्राला कशी लागू पडते याचे विवरण. पहिली दोन अंगे चक्रधरांची, तिसरे केसोबासांचे.

या रचनेतील प्रामाणिकपणाकडे सहसा लक्ष वेधले जात नाही. केसोबासांनी आपले विवरण गुरूंच्या गोष्टीत मिसळून टाकलेले नाही. गोष्ट कोठे संपते आणि तिचा लावलेला अर्थ कोठे सुरू होतो, हे वाचकाला दिसते. बायबलमध्येही असेच एक स्थळ आहे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू पेरणाऱ्याचा दाखला लोकांना सांगतो आणि त्याचा उलगडा नंतर, वेगळा, शिष्यांपाशी करतो. गोष्ट सगळ्यांसाठी आणि विवरण विचारणाऱ्यांसाठी, अशी ही व्यवस्था आहे.

विज्ञानपटाचा ख्रिस्ती अर्थ लावताना हीच शिस्त पाळावयाची आहे. चित्रपट हा दृष्टान्त. ख्रिस्ती श्रद्धेतील वचन हे सूत्र. या दोहोंना जोडणारे दार्ष्टान्तिक तुमचे आहे, दिग्दर्शकाचे नव्हे. ते तुमचे आहे हे मान्य करून लिहा, आणि मग ते गोष्टीच्या प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगाशी जुळते का, हे तपासा. एखाद्याच प्रसंगाशी जुळून बाकीच्या गोष्टीशी भांडत असेल, तर ते टिकणार नाही.

ख्रिस्तपुराणाची वाट आणि तिची किंमत

‘दुसऱ्याच्या कथारूपातून ख्रिस्ताकडे’ ही वाट मराठीला नवी नाही. सिंधुदुर्गाच्या सीमेपलीकडे, गोव्यातील साष्टी भागात, रायतूर (राचोल) येथे १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले. स्टीफन्स जन्माने इंग्रज (१५४९). १५७९ मध्ये ते गोव्यात आले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचे कार्य याच मुलखात झाले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या पहिल्या भागात जुन्या कराराची आणि दुसऱ्या भागात नव्या कराराची कथा आहे. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द त्यांनी निःशंकपणे योजला. पुराण हा साहित्यप्रकार, ओवी हा छंद, श्रोत्यांनी प्रश्न विचारावेत आणि वक्त्याने उत्तर द्यावे ही बैठक, हे सगळे त्यांनी या मातीतून घेतले.

ग्रंथाच्या आरंभीच एक विलक्षण जागा आहे. नवख्रिस्ती श्रोत्यांपैकी एक जण पाद्रींना सांगतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आमच्या भाषेत तसेच काही आम्हांला का देत नाही? या मागणीतून पुराण सुरू होते. ती वाचताना अभ्यासकाने थोडे थांबावे. सोळाव्या शतकात साष्टीतील देवळे पाडली गेली, जुन्या धर्मग्रंथांवर बंदी आली, हा इतिहास आहे. ‘ख्रिस्तपुराण’ हे मराठी भाषेचे देखणे लेणे आहे, यात शंका नाही. पण ज्या रिकाम्या जागेत ते उभे राहिले, ती जागा कोणीतरी रिकामी केलेली होती. कथेची भूक असलेल्या माणसांच्या तोंडची कथा काढून घेतली गेली होती.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, दुसऱ्याच्या कथेवर आपले नाव लिहिणे ही नेहमीच निरुपद्रवी गोष्ट नसते. प्रत्येक पाहुण्यात ख्रिस्त दिसणे हा भक्तीचा उमाळा असू शकतो. तसाच तो दुसऱ्याचे घर आपल्या नावावर करून घेण्याचा प्रकारही असू शकतो. दार्ष्टान्तिक वेगळे ठेवावे, हा आग्रह त्यासाठीच आहे.

सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी, १८६१ मध्ये, आताच्या सिंधुदुर्गाच्या उत्तरेस असलेल्या रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी वेगळी वाट दाखवली. १८९५ साली ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी अभंग सोडला नाही. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. पूल ओलांडल्यावर त्यांनी तो मोडला नाही, हे महत्त्वाचे.

सुतार नावाचा पाहुणा

आता पडद्याकडे वळू. रॉबर्ट वाइझ यांचा ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ हा कृष्णधवल चित्रपट १९५१ सालचा आहे. क्लाटू नावाचा परग्रहवासी यानातून वॉशिंग्टनमध्ये उतरतो आणि उतरताच एका घाबरलेल्या सैनिकाच्या गोळीने जखमी होतो. इस्पितळातून निसटून तो सामान्य माणसांच्या वसतिगृहात खोली घेतो. तेथे तो आपले नाव ‘कारपेंटर’, म्हणजे सुतार, असे सांगतो. एका लहान मुलाशी त्याची मैत्री होते. आपले सामर्थ्य दाखवण्यासाठी तो जगभरातील वीज अर्धा तास बंद पाडतो, पण इस्पितळे आणि उडती विमाने त्यातून वगळतो. शेवटी सैनिक त्याला ठार करतात, त्याचा यंत्रमानव त्याचे शव यानात नेऊन त्याला जिवंत करतो, आणि जगाला एक संदेश देऊन तो आकाशात निघून जातो.

सुतार, मृत्यू, पुनरुत्थान, स्वर्गारोहण : साम्य उघड आहे. पटकथाकार एडमंड नॉर्थ यांनी ते हेतुपुरस्सर योजल्याचे नंतर मान्य केले. प्रेक्षकांच्या ते जाणिवेखालीच राहावे, अशी त्यांची अपेक्षा होती. दिग्दर्शक वाइझ यांच्या मात्र, कोणी दाखवून देईपर्यंत, ते ध्यानातही आले नव्हते. त्या काळच्या चित्रपट-नियंत्रकांना यंत्राने मेलेल्याला उठवावे हे खटकले. म्हणून जीवन-मरणाची अंतिम सत्ता सर्वशक्तिमान आत्म्याकडेच आहे, अशा आशयाचे वाक्य क्लाटूच्या तोंडी घालण्यात आले. एकाच चित्रपटात एकाने पेरलेला, दुसऱ्याला न दिसलेला आणि तिसऱ्याने घाबरून दुरुस्त केलेला असा हा अर्थ आहे. ‘लेखकाचा हेतू म्हणजे कलाकृतीचा अर्थ’ असे समजणाऱ्याने यातील कोणाचा हेतू धरावा?

आता दार्ष्टान्तिक तपासू. क्लाटूचा अखेरचा संदेश काय आहे? तुम्ही आपली हिंसा अवकाशात आणलीत, तर तुमची पृथ्वी राख केली जाईल. शांततेची राखण करण्यासाठी त्यांच्या संस्कृतीने यंत्रमानवांचे पोलीस नेमले असून त्यांची सत्ता कोणालाही परत घेता येत नाही. हे शीतयुद्धाच्या काळातील, अणुबॉम्बच्या छायेतील भाषण आहे आणि त्या दृष्टीने ते प्रभावी आहे. पण ज्याने वधस्तंभावरून मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली, त्याच्या शब्दांशी हे जुळत नाही. नाव सुताराचे, आवाज न्यायाधीशाचा. येथे चिन्हे जुळतात आणि सूत्र निसटते. माझ्या मते हा चित्रपट ख्रिस्ती अर्थाचे उत्तम उदाहरण नसून त्याच्या फसव्या साम्याचे उत्तम उदाहरण आहे.

चिन्हे स्वस्त असतात, हे या निमित्ताने लक्षात ठेवावे. २०१३ सालच्या ‘मॅन ऑफ स्टील’ या चित्रपटात नायकाचे वय तेहतीस आहे. तो चर्चमध्ये जातो तेव्हा त्याच्या मागे खिडकीच्या रंगीत काचांवर गेथशेमाने बागेतील प्रार्थना करणारा ख्रिस्त दिसतो. चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी पाळकांना प्रवचनाची टिपणेसुद्धा पुरवण्यात आली होती. या नायकाची मूळ कल्पना जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन ज्यू तरुणांची, हे अशा वेळी कोणाला आठवत नाही. चित्रपटाच्या शेवटी नायक खलनायकाची मान मोडून त्याला ठार करतो. दशावताराच्या प्रेक्षकाला विचाराल तर तो सांगेल की, हा नायक नरसिंहाच्या जवळचा आहे.

अवतार आणि ख्रिस्ती धर्मातील देहधारण या कल्पनांतील फरक येथे कामी येतो. अवतार दुष्टांचे निर्दालन करतो, कार्य संपवतो आणि परत जातो. पुन्हा गरज पडली की पुन्हा येतो. देहधारण एकदाच होते, आणि त्यात देव दुर्बळ होतो. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात संत पौल ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केल्याचे सांगतो. बहुसंख्य विज्ञानपटांतील तारणारे नायक रिक्त होत नाहीत, अधिकाधिक बलवान होत जातात. त्यांना ख्रिस्तरूप म्हणण्यापूर्वी या फरकाचा विचार करावा.

पाहुणा की यजमान?

स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ई.टी.’ (१९८२) तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. चुकून पृथ्वीवर राहिलेल्या एका परग्रहवासी जिवाला एलियट हा मुलगा घरात लपवतो. तो जीव बोटाच्या स्पर्शाने जखम बरी करतो, त्याचे हृदय लालसर उजळते, तो मरतो, जिवंत होतो आणि यानातून परत जातो. मुलाच्या आईचे नाव मेरी. जाहिरातीवरील दोन बोटांचा स्पर्श मायकेलअँजेलोने सिस्टाइन चॅपेलच्या छतावर रंगवलेल्या आदामाच्या निर्मितीची आठवण करून देतो. चित्रपट आला तेव्हा ख्रिस्ती समीक्षकांनी त्यावर लिहिले, पुस्तिका निघाल्या. स्पीलबर्ग स्वतः ज्यू आहेत आणि असा ख्रिस्ती अर्थ आपल्याला अभिप्रेत नव्हता असे त्यांनी सांगितले आहे.

मग ख्रिस्ती वाचन चुकीचे ठरते का? या ठिकाणी घाई करू नये. ज्यू कलावंताच्या कथेवर परस्पर ख्रिस्ताचे नाव लिहिताना साष्टीचा इतिहास आठवावा, हे एक. दुसरे म्हणजे दार्ष्टान्तिकाची कसोटी. ई.टी. कोणाच्या पापांसाठी मरत नाही. तो घरापासून दुरावल्याने खंगतो. तो कोणाला बोलावत नाही, शिकवत नाही, जाब विचारत नाही. त्याला ख्रिस्त म्हणणारे वाचन बोटांपाशी आणि उजळणाऱ्या हृदयापाशी सुरू होते आणि तेथेच थांबते.

पण चित्रपट पुन्हा पाहा, आणि या वेळी पाहुण्याऐवजी मुलाकडे पाहा. एलियटचे वडील घर सोडून गेले आहेत, घर दुखावलेले आहे. त्या घरात एक कुरूप, घाबरलेला, भाषा न येणारा जीव येतो. मुलगा त्याला गोळ्या खायला देतो, आपल्या खोलीत जागा देतो, त्याच्या दुखण्याने स्वतः आजारी पडतो. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात अंतिम न्यायाचे चित्र आहे. त्यात भुकेल्याला अन्न आणि परक्याला आसरा देणाऱ्यांना कळते की, ते सारे त्यांनी नकळत ख्रिस्तालाच दिले होते. ‘नकळत’ हा तेथील सगळ्यात महत्त्वाचा शब्द. एलियटला काहीच ठाऊक नसते. त्याला फक्त दाराशी आलेला जीव दिसतो. दारी आलेल्याला आधी गूळ-पाणी द्यावे आणि नाव-गाव मागाहून विचारावे, ही रीत ज्या मुलखात आहे तेथे हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

हे वाचन चिन्हांवर अवलंबून नाही, कथेतील प्रत्येक प्रसंगाला ते लागू पडते आणि स्पीलबर्ग यांच्या नकाराला धक्काही लावत नाही. कारण परक्याला आसरा देण्याची आज्ञा ज्यू धर्मशास्त्रातही तितकीच ठळक आहे. ख्रिस्ती वाचकाने हा अर्थ स्वतःचा म्हणून मांडावा. तो एकट्या आपलाच आहे असे मात्र म्हणू नये.

हिंदीतील ‘कोई... मिल गया’ (२००३) या चित्रपटाशी तुलना केली की, हा मुद्दा आणखी स्पष्ट होतो. तेथे शास्त्रज्ञ संगणकाद्वारे ‘ॐ’ या ध्वनीची रूपे अवकाशात पाठवतो आणि परग्रहवासी त्याला प्रतिसाद देतात. पाहुणा ‘जादू’ याची शक्ती सूर्यप्रकाशातून येते. पुढील भागात, ‘क्रिश’मध्ये (२००६), नायकाचे नावच कृष्णा आहे. पाहुणा, मूल आणि लपवाछपवी हा कथेचा सांगाडा जवळजवळ तोच. त्यावर चढलेले अर्थाचे वस्त्र वेगळे. मराठीत जयंत नारळीकरांनी आपल्या विज्ञानकादंबऱ्यांना ‘वामन परत न आला’ आणि ‘प्रेषित’ अशी नावे दिली. पहिले नाव दशावतारातले आहे. दुसरा शब्द मराठी बायबलात येशूच्या बारा शिष्यांसाठी रूढ आहे. विज्ञानकथा लिहू पाहणाऱ्या बुद्धिवादी लेखकालाही परग्रहाच्या वाटेवर जुन्या श्रद्धांचेच शब्द भेटतात. (जाता जाता : २०२० सालच्या उस्मानाबाद येथील ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते आणि २०२१ सालच्या नाशिक येथील ९४व्या संमेलनाचे अध्यक्ष नारळीकर. लागोपाठ आलेले हे दोन अध्यक्ष एकाच भाषेचे आहेत, याचा अभिमान वाटावा.)

‘द मॅट्रिक्स’ (१९९९) याविषयी थोडक्यात. ट्रिनिटी म्हणजे त्रैक्य, सियोन हे शेवटचे शहर, बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाच्या नावाचे जहाज, घात करणारा सोबती, मृत्यूनंतर उठणारा नायक : बायबलमधील नावांची एवढी गर्दी क्वचित आढळते. तरीही सुटका येथे कृपेने होत नाही, जाग आल्याने होते. दिसणारे जग आभासी आहे हे कळणे म्हणजेच मुक्ती. मराठी विद्यार्थ्याला यात मायावादाचा सूर ऐकू आला तर नवल नाही. २००३ सालच्या तिसऱ्या भागाच्या अखेरीस श्रेयनामावलीबरोबर बृहदारण्यक उपनिषदातील संस्कृत प्रार्थना गायली जाते. शिवाय या तारणाऱ्याच्या हातून पहारेकरी किती सहज मरतात, तेही मोजून पाहावे.

अम्माऊसच्या वाटेवर

आतापर्यंतच्या उदाहरणांवरून विज्ञानपटांत ख्रिस्ती अर्थ खोलवर जातच नाही असा ग्रह होण्याचा संभव आहे. म्हणून शेवटी आंद्रेई तारकोव्हस्की यांचा ‘स्टॉकर’ (१९७९) घेऊ. हा चित्रपट संथ आहे; पहिल्या अर्ध्या तासात काहींचा धीर सुटतो. सोडू नका.

‘झोन’ नावाचा एक निषिद्ध प्रदेश आहे. त्यात एक खोली आहे. तिच्यात जाणाऱ्याच्या अंतःकरणातील सर्वांत खोल इच्छा पूर्ण होते असे म्हणतात. एक वाटाड्या, म्हणजे स्टॉकर, एका लेखकाला आणि एका प्राध्यापकाला तेथे घेऊन जातो. याने नाहीत, परग्रहवासी दिसत नाहीत, चमत्कार जवळजवळ नाहीत. ओले गवत, गंजलेले लोखंड, साचलेले पाणी आणि तीन थकलेली माणसे. खोलीच्या उंबरठ्यापर्यंत पोचून कोणीही आत पाऊल टाकत नाही. आपली खरी इच्छा काय आहे, हे कळण्याचीच त्यांना भीती वाटते. घरी परतलेला वाटाड्या पत्नीपाशी रडतो, कारण आता कोणाचा कशावर विश्वासच उरलेला नाही.

तारकोव्हस्की ख्रिस्ती श्रद्धेचे होते आणि धर्माला न मानणाऱ्या सोव्हिएत राजवटीत काम करीत होते. चित्रपटात लेखक एकदा काट्यांचा मुकुट डोक्यावर ठेवतो. पण थट्टेच्या सुरात, आणि त्याला तो शोभत नाही. दिग्दर्शकाने चिन्ह स्वस्त होऊ दिलेले नाही. आणखी एका प्रसंगात तिघे दमून ओल्या जमिनीवर पडलेले असताना वाटाड्या पुटपुटत काही म्हणतो. ती लूकच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायातील कथा आहे : दोन शिष्य एका गावाकडे चालले आहेत, पुनरुत्थित ख्रिस्त त्यांच्याबरोबर चालतो आणि ते त्याला ओळखत नाहीत. वाटाड्याच्या तोंडून गावाचे नाव येत नाही आणि ख्रिस्ताचेही नाव येत नाही. कॅमेरा त्या वेळी झोपलेल्या लेखकाच्या आणि प्राध्यापकाच्या चेहऱ्यांवरून फिरतो.

नाव गाळल्यामुळे येथे काय घडले ते पाहा. बायबल ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला अम्माऊस आठवते आणि मग तो त्या दोन झोपलेल्या चेहऱ्यांत ते दोन शिष्य पाहतो. तिसरा कोण? त्यांच्याबरोबर चालणारा तर हा वाटाड्याच आहे : तुरुंगात जाऊन आलेला, घाबरट, सगळ्यांनी हिणवलेला माणूस. तो ख्रिस्त आहे असे चित्रपट म्हणत नाही. दार्ष्टान्तिकाची जागा दिग्दर्शकाने जाणीवपूर्वक रिकामी ठेवली आहे आणि ती भरण्याचे काम तुमच्यावर सोपवले आहे. ही रिकामी जागा साष्टीतील रिकाम्या जागेहून वेगळी आहे, कारण येथे कोणाचे काही काढून घेतलेले नाही. बायबल न वाचलेल्या प्रेक्षकालाही तीन थकलेली माणसे पुरेशी आहेत.

लूकच्या कथेत शिष्यांना ओळख पटते ती चालताना ऐकलेल्या विवेचनाने नव्हे. रात्री मुक्कामी भाकर मोडली जाते तेव्हा. पटताच तो दिसेनासा होतो.

स्वाध्याय

१. तुम्ही पाहिलेला कोणताही एक विज्ञानपट निवडा. त्याची कथा दहा ओळींत लिहा. या दहा ओळींत धर्मवाचक एकही शब्द येऊ देऊ नका. त्यानंतर वेगळ्या परिच्छेदात तुमचे सूत्र आणि तुमचे दार्ष्टान्तिक लिहा. ज्या प्रसंगांशी ते जुळत नाही, त्यांची नोंद त्याच परिच्छेदात करा.

२. तोच चित्रपट तुमच्याहून वेगळ्या धर्मश्रद्धेच्या एखाद्या शेजाऱ्याबरोबर किंवा सहाध्यायाबरोबर पाहा. आपले मत आधी सांगू नका. त्यांना काय दिसले ते त्यांच्याच शब्दांत, मालवणीत असल्यास मालवणीत, टिपून घ्या आणि संपर्कसत्राला येताना बरोबर आणा.